'एकूण' दिसलं की बेरीज, 'उरले' दिसलं की वजाबाकी: हे मुलांना शिकवावं का?

पाटीपेन्सिल
मुलगी दुसरीत आहे. काल तिला हे शाब्दिक उदाहरण होतं: 'रमाकडे ४३ मणी आहेत. ते सलमाच्या मण्यांपेक्षा १८ ने जास्त आहेत. सलमाकडे किती मणी?' तिने ४३ + १८ = ६१ केलं. हातचा बरोबर, मांडणी नीटनेटकी, उत्तर चूक. विचारलं तर म्हणाली, "'जास्त' आलं की बेरीज करायची." वर्गात तसा तक्ताच लावलाय. एकूण, मिळून, जास्त म्हणजे बेरीज; उरले, दिले, कमी म्हणजे वजाबाकी.

माझं म्हणणं, हा तक्ता काढून टाकावा. मूल दोन संख्या आणि एक शब्द हुडकतं आणि गोष्ट वाचायचीच राहते. मला याचं फार वाईट वाटतं, कारण हीच मुलगी खेळताना कोणाकडे किती जास्त हे बरोबर सांगते.

वर्गशिक्षक
मी दुसरीलाच शिकवतो. माझ्या वर्गातली बरीच मुलं अजून अक्षराला अक्षर लावून वाचतात. वाक्याच्या शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात विसरलेली असते. अशा मुलाला 'नीट समजून घे' म्हटलं तर त्याच्या हाती काय लागतं? ओळखीचा शब्द त्याला आधार देतो. 'एका डब्यात ३६ मणी, दुसऱ्यात २७, एकूण किती?' हे जमलं की ते पुढच्या उदाहरणाला हात घालतं. 'जास्त' तक्त्यात नको, हे मान्य. बाकीचे शब्द राहू द्या.

पाटीपेन्सिल
बाकीचेही दगा देतात. 'रमाने १५ मणी दिले, आता २८ उरले. आधी किती होते?' यात 'दिले' आहे, 'उरले' आहे, आणि करायची आहे बेरीज.

कानामात्रा
मराठीत खरी मेख प्रत्ययात आहे. 'रमाने सलमाला १५ मणी दिले' आणि 'रमाला सलमाने १५ मणी दिले'. रमाकडे आता किती, असं विचारलं तर एकीकडे वजाबाकी, दुसरीकडे बेरीज. 'दिले' दोन्हीकडे तेच. चाचपडत वाचणारं मूल नेमकं 'ने' आणि 'ला' गाळतं.

तोंडी उदाहरण घेतलं तर आणखी एक अडचण. 'सत्तेचाळीस' ऐकताना सात आधी येतो, लिहिताना चार. मूल ७४ लिहितं आणि आपण म्हणतो, उदाहरण कळलं नाही. ५९ ला तर आपण 'एकोणसाठ' म्हणतो, साठाचंच नाव घेतो! तोंडी गोष्ट सांगताना संख्या फळ्यावर लिहाव्यात.

वर्गशिक्षक
प्रत्ययाचं पटलं. पण तक्ता काढून त्या जागी काय ठेवू, ते कोणी सांगत नाही.

ताळा
१९७९ साली फ्रान्समध्ये ग्रनोबल इथल्या संशोधकांनी लहान मुलांना विचारलं होतं: जहाजावर २६ मेंढ्या आणि १० बकऱ्या आहेत, कप्तानाचं वय किती? ९७ पैकी ७६ मुलांनी त्याच संख्यांवरून वय काढून दिलं. उदाहरण म्हणजे दिलेल्या संख्यांचं काहीतरी करायचं, एवढंच ती शिकली होती.

मी आधी संख्या झाकतो. 'रमाकडे काही मणी आहेत. ते सलमाच्या मण्यांपेक्षा जास्त आहेत.' कोणाकडे जास्त? रमाकडे. मग दोन पट्ट्या काढायच्या, रमाची लांब, सलमाची आखूड. आता संख्या उघडायच्या: लांब पट्टी ४३, वर उरलेला तुकडा १८. सलमाचं उत्तर ४३ पेक्षा मोठं येईल की लहान, हे आकडेमोडीआधी मुलाने बोलून दाखवायचं. मग ६१ आलं की मूल स्वतःच थबकतं.

दुसरीची आई
हे सगळं ठीक, पण माझा मुलगा गोष्ट ओळखतो आणि क्रियेत अडकतो. ४३ − १८ मध्ये ३ मधून ८ जात नाहीत, म्हणून ८ मधून ३ वजा करतो आणि ३५ लिहितो. आधी हातच्याची वजाबाकी पक्की करा, गोष्टी नंतर.

ताळा
नंतर कशाला? १८ पासून २० पर्यंत २, तिथून ४० पर्यंत २०, पुढे ४३ पर्यंत ३. झाले २५. पट्टीवर फरक समोर दिसत असला की मुलं असं पुढे मोजत जातात. दशक सुटा करून हातचा घेणं शिकवायचंच, पण ३५ चुकलंय हे कळायलाही ती पट्टीच कामी येते: १८ आणि ३५ मिळून ५३ होतात, ४३ नाही.

वर्गशिक्षक
संख्या झाकून बघतो. ज्यांना वाचता येत नाही त्यांना गोष्ट मीच वाचून दाखवणार. 'जास्त', 'दिले' उद्याच खोडतो. 'एकूण' आणि 'मिळून' मात्र ठेवणार, त्यांच्यावर माझी काही मुलं उभी आहेत.

पाटीपेन्सिल
मग 'मिळून'च्या शेजारी हे एक लिहून ठेवाल का? 'दोघींकडे मिळून ५२ मणी आहेत. रमाकडे २७. सलमाकडे किती?'