वापरलेली डर्ट बाईक: ट्रेल जास्त, ट्रॅक कधीतरी. कोणती घ्यावी?

उनाडचाक
दोन वर्षं मित्राची गाडी मागून चालवतोय, आता स्वतःची हवी. नवी परवडत नाही, त्यामुळे वापरलेलीच. माझं चालवणं सांगतो. चारपैकी तीन रविवार ट्रेलवर जातात: दगडगोटे, ओढ्याचं पात्र, झाडीतली एकेरी पायवाट, सुटी माती असलेले चढ. चौथा रविवार मोटोक्रॉस ट्रॅकवर. स्पर्धेत उतरायचं नाही, पण छोटे टेबलटॉप (सपाट माथ्याचे उडीचे उंचवटे) मारतो आणि ते मला सोडायचे नाहीत. वजन ८२ किलो. तेल, फिल्टर, चेन घरी करतो, इंजिन कधी खोललेलं नाही.

तीन गाड्या डोळ्यांसमोर आहेत आणि तिघींची किंमत जवळपास सारखीच सांगितली आहे. एक होंडा सीआरएफ२३०एफ. दुसरी यामाहा वायझेड२५० टू-स्ट्रोक. तिसरी २५० सीसी फोर-स्ट्रोक मोटोक्रॉस गाडी. तिसरी मॉडेलने सगळ्यात नवी आहे आणि दिसायलाही चकचकीत. माझा कल तिच्याकडे आहे. चुकतोय का?

डोंगरधूळ
चुकताय. तिसरी अजिबात घेऊ नका.

चकचकीत म्हणजे प्लास्टिक आणि स्टिकर नवे. ते अर्ध्या तासात बसवून होतं. या गाड्यांचं इंजिन तेरा हजार आरपीएमच्या आसपास फिरतं, पिस्टन बुटका, व्हॉल्व्ह बहुतेक टायटॅनियमचे. तेल जेमतेम लिटरभर मावतं, काहींत त्याहून कमी. असल्या गाडीचं आयुष्य किलोमीटरमध्ये मोजत नाहीत, तासांत मोजतात. काही रेस गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये पिस्टन १५ तासांनी बदला असं सरळ छापलेलं असतं. तुमचे तीन रविवार म्हणजे दहा-बारा तास झालेच.

२३० घ्या. २२३ सीसी, एअर-कूल्ड, सहा गिअर, बटण-स्टार्ट. २००३ पासून बरीच वर्षं जवळजवळ तशीच बनत राहिली, त्यामुळे एका वर्षाचा पार्ट दुसऱ्या वर्षाला बसतो. टॅपेट (व्हॉल्व्हची फट) स्क्रूने सेट होतात, फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) आणि पाना असला की घरी होतं. रेडिएटर नाही, म्हणजे दगडावर आपटून फुटायलाही काही नाही. इंजिन न खोललेल्या माणसाला दुसरं काय हवं?

किकस्टार्ट
पूर्ण असहमत. धागाकर्त्याने स्पष्ट लिहिलंय की टेबलटॉप सोडायचे नाहीत. २३० घेऊन ८२ किलोचा माणूस टेबलटॉप मारणार? पहिल्याच उडीला पुढचा फोर्क (पुढच्या चाकाचं सस्पेन्शन) तळाला ठण्णकन आपटेल आणि मनगटापासून खांद्यापर्यंत झिणझिण्या येतील. तिचा पुढचा ट्रॅव्हल (सस्पेन्शन जास्तीत जास्त किती दबतं ते अंतर) २४० मिलीमीटरच्या आसपास, मोटोक्रॉस गाडीचा ३०० च्या. शिवाय भरलेल्या टाकीसकट ती ११३ किलोची, वायझेड२५० साधारण १०३ किलोची. दहा किलो कागदावर किरकोळ वाटतात. चढावर गाडी पडली आणि तिसऱ्यांदा उचलावी लागली की ते दहा किलो नीट कळतात.

वायझेड२५० ला २००५ मध्ये ॲल्युमिनियमची फ्रेम आली आणि २००६ मध्ये कायाबाचं सस्पेन्शन. ते सस्पेन्शन आजही कुठल्याही ट्रॅकवर मान खाली घालायला लावत नाही. इंजिनात कॅम नाही, व्हॉल्व्ह नाही, टॅपेट नाही. पिस्टन, रिंग, गजन पिन, गॅस्केट, संपलं. मी आयुष्यात पहिल्यांदा हेड (इंजिनाचा वरचा भाग) उघडलं ते याच गाडीचं. संध्याकाळी सुरू केलं आणि जेवायच्या आधी गाडी परत चालू होती. इंजिन कधी खोललेलं नाही म्हणता? शिकायला याहून सोपं इंजिन नाही.

डोंगरधूळ
शिकायला सोपं, मान्य. चालवायला? वायझेड२५० ची ताकद मधल्या आरपीएमला एकदम अंगावर येते. ट्रॅकवर त्यात मजा आहे. ओल्या मुळांवर, गुळगुळीत दगडांवर, पहिल्या गिअरमध्ये चालायच्या वेगाने जाताना तीच ताकद मागचं चाक सटकवते. गिअर पाचच, तेही मोटोक्रॉससाठी जवळजवळ ठेवलेले, आणि पहिला गिअर उंच. म्हणजे अख्खा चढ क्लच दाबत-सोडत काढायचा. दोन तासांत डाव्या हाताची बोटं आखडतात. हळू ट्रेलवर पंखा नसलेला रेडिएटर उकळतो, तो त्रास वेगळाच. तीन रविवार दमून घरी यायचं ते कशासाठी? चौथ्या रविवारच्या वीस मिनिटांच्या फेऱ्यांसाठी?

किकस्टार्ट
ताकद सावकाश यावी म्हणून जड फ्लायव्हील वेट बसवा, एक दात जास्त असलेलं मागचं स्प्रॉकेट टाका, जेटिंग (कार्बोरेटरमधल्या पेट्रोलचं प्रमाण) नीट करा. गाडी माणसाळते. हे सगळं मिळूनही फोर-स्ट्रोकच्या एका हेडच्या कामापेक्षा स्वस्त पडतं. आणि हळू चालवताना गाडी उकळते ती चालवणाऱ्यामुळे. सारखा अर्धा क्लच धरला तर कुठलीही गाडी उकळेल.

२३० चं बटण-स्टार्ट कौतुकाने सांगितलंत, पण तिला कंपनीतून किकच येत नाही हे राहिलं. ओढ्याच्या तळाशी बॅटरी बसली तर ढकलायला माणूस शोधा.

चिखलवाट
तुम्ही दोघं दोन टोकांना उभे आहात. मधली जागा रिकामी नाहीये. होंडा सीआरएफ२५०एक्स (२००४ ते २०१७) किंवा यामाहा डब्ल्यूआर२५०एफ. मोटोक्रॉस गाडीचीच भावंडं, पण इंजिन थोडं नरमावलेलं, गिअर लांब पल्ल्याचे, मागचं चाक १९ ऐवजी १८ इंची. १८ इंची चाकावर टायरची भिंत उंच असते, त्यामुळे दगडावर ट्यूब चिमटून पंक्चर होण्याचं प्रमाण कमी. सस्पेन्शन टेबलटॉप सहज झेलतं. मी अशीच एक सहा वर्षं दोन्हीकडे चालवतोय.

टू-स्ट्रोकच हवी असेल तर वायझेड२५०एक्स शोधा. २०१६ पासून आली आहे. तेच इंजिन सौम्य केलेलं, लांब पल्ल्याचे गिअर, १८ इंची चाक. वापरलेल्या कमी दिसतात, म्हणून दिसली तर सोडू नका.

त्या १५ तासांबद्दलही एक बोलतो. तो आकडा स्पर्धेत गाडी पिळणाऱ्यासाठी आहे. ट्रेलवर तेच पिस्टन त्याच्या कितीतरी पट चालतं. आकडा खोटा नाही, पण तेवढाच सांगून लोकांना घाबरवू नये.

डोंगरधूळ
घाबरवत नाही. पण आधीच्या मालकाने गाडी ट्रॅकवर पिळली की ट्रेलवर फिरवली, हे विकत घेणाऱ्याला कळणार कसं?

धुळवड
या प्रश्नाचं उत्तर मी पैसे मोजून शिकले आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

तीन वर्षांपूर्वी मी अशीच एक चकचकीत २५० फोर-स्ट्रोक घेतली. विकणाऱ्याने गाडी आधीच चालू करून गरम ठेवली होती. "बघा, बटण दाबलं की सुरू," म्हणाला आणि झालीही. घरी आणली. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड इंजिन काही केल्या उठेना. व्हॉल्व्ह सीटमध्ये रुतत गेले होते आणि आधीच्या मालकाने प्रत्येक वेळी पातळ शिम (व्हॉल्व्हची फट जुळवणारी चकती) टाकून वेळ मारून नेली होती. कव्हर उघडलं तर इनटेकच्या शिम इतक्या पातळ की पुढे बदलायला जागाच नव्हती. हेडचं पूर्ण काम करावं लागलं. गाडी जेवढ्याला घेतली त्याच्या निम्मे पैसे त्यात गेले.

तेव्हापासून मी मॉडेलवर वाद घालत नाही. किकस्टार्टची वायझेड बरोबर, डोंगरधूळची २३० सुद्धा बरोबर, पण समोर उभी असलेली ती एक गाडी कशी आहे ते आधी बघा.

जाण्याआधी फोनवर सांगा की इंजिन थंडच ठेवा. पोचल्यावर पहिली गोष्ट म्हणजे इंजिनाला हात लावा. कोमट लागलं तर का ते विचारा.

मग सीट काढून एअर फिल्टर बाहेर घ्या. फिल्टर नवा आहे की मळका, याने फार फरक पडत नाही. फिल्टरच्या आत कार्बोरेटरकडे जाणारा रबरी बूट असतो. त्यात बोट घालून आतून एक फेरा फिरवा. बोट स्वच्छ निघालं किंवा नुसतं तेलकट निघालं तर ठीक. अंगठ्यावर चोळून कचकच लागली, वाळू मिसळलेल्या वंगणासारखी, तर ती धूळ सिलिंडरमध्येही गेलेली आहे. रिंग, बोअर, व्हॉल्व्ह सगळं घासलेलं निघेल. एवढ्या एका कचकचीवर मी दोन गाड्या सोडल्या आहेत.

टू-स्ट्रोक असेल तर सायलेन्सरचा पाईप काढायला सांगा. दोन स्प्रिंग आणि एक-दोन बोल्ट असतात. टॉर्च मारून एक्झॉस्टच्या तोंडातून पिस्टन बघा. बाजूला उभ्या रेघा ओढलेल्या दिसल्या तर पिस्टन एकदा तरी धरलेला (सिलिंडरमध्ये जाम झालेला) आहे. मग थंड असताना रेडिएटरचं झाकण उघडून गाडी चालू करा. पाण्यात सतत बुडबुडे येत राहिले तर हेडकडून गळती आहे. गिअरचं तेल दुधाळ असेल तर वॉटर पंपाचं सील गेलंय.

गाडी स्टँडवर उचलून मागचं चाक वर-खाली हलवा. लिंकेजच्या (मागच्या सस्पेन्शनचे जोड) आणि चिमट्याच्या (मागचं चाक धरणारा भाग) बेअरिंगमधला खडखड हाताला लागतो. पुढचं चाक अधांतरी ठेवून हँडल सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. मध्यावर खटकन अडलं तर कोनसेट (हँडलच्या दांड्याचं बेअरिंग) गेलाय. ही कामं महाग नाहीत, पण त्यावरून किंमत कमी करता येते. इंजिनाच्या बाजूच्या कव्हरवर एपॉक्सीचा लेप दिसला, फ्रेमला फूटरेस्टच्या मागे वेल्डिंग दिसलं, किंवा फ्रेम नंबर घासलेला दिसला, तर किंमत कितीही उतरली तरी घेऊ नका.

आणि बोल्टची डोकी बघा. गोल झालेली, घसरलेली डोकी म्हणजे चुकीच्या पान्याने घाईत काम करणारा माणूस. त्याने इंजिनही तसंच बांधलं असणार.

तासमोजणी
धुळवड यांच्या शब्दाशब्दाशी सहमत, एक भर घालतो. अवर-मीटरवर विसंबू नका. मीटर कधीही नवा लावता येतो. पेग (फूटरेस्ट), ब्रेक पेडलचं टोक आणि फ्रेमवर बूट घासून उडालेला रंग खरे तास सांगतात. मीटर ४० तास दाखवतोय आणि पेगचे दात पार गुळगुळीत झालेत, तर मी पेगवर विश्वास ठेवतो.

किकस्टार्ट
तपासणीबद्दल वाद नाही. पण "मॉडेल महत्त्वाचं नाही" हे पटत नाही. उत्तम अवस्थेतली २३० ही शेवटी उत्तम अवस्थेतली २३० च. टेबलटॉप तिला झेपणार नाही.

तासमोजणी
झेपेल, तिच्या मर्यादेत. बहुतेक गाड्यांची स्प्रिंग धागाकर्त्यापेक्षा हलक्या माणसाचा विचार करून बसवलेली असते. फोर्कच्या आणि मागच्या स्प्रिंग वजनाप्रमाणे बदलल्या, फोर्कचं तेल नवं टाकलं, की २३० छोट्या उडीला तळ गाठत नाही. मोठा डबल (दोन उंचवट्यांमधली मोकळी जागा उडून पार करायची उडी) मारायचा म्हणाल तर मीही नको म्हणेन.

कुठलीही घेतली तरी सॅग (तुम्ही बसल्यावर गाडी किती खाली बसते ते) मोजाच. गाडी स्टँडवर असताना मागच्या ॲक्सलपासून मडगार्डवरच्या एका खुणेपर्यंत अंतर मोजा. मग बूट-हेल्मेट घालून बसा आणि दुसऱ्याला तेच अंतर मोजायला सांगा. दोन्हींतला फरक एकूण ट्रॅव्हलच्या साधारण एक तृतीयांश हवा. ३०० मिलीमीटरच्या गाडीला १०० च्या आसपास. प्रीलोड (स्प्रिंगला आधीच दिलेला ताण) पूर्ण आवळूनही तो जमत नसेल तर स्प्रिंग तुमच्यासाठी नरम आहे. लोक सस्पेन्शनला शिव्या घालून गाडी विकून टाकतात आणि बिचारी स्प्रिंग कोणी बदललेलीच नसते.

चिखलवाट
स्प्रिंग, फोर्कचं तेल, मजुरी धरली तर २३० ची किंमत माझ्या डब्ल्यूआरच्या जवळ जाते. तेव्हा थेट तीच का नको?

डोंगरधूळ
कारण डब्ल्यूआरचे टॅपेट शिमचे आहेत आणि धागाकर्त्याने इंजिन खोललेलं नाही. स्प्रिंगचा खर्च एकदाच होतो.

उनाडचाक
सगळ्यांचे आभार. काय झालं ते सांगतो.

तिसऱ्या गाडीच्या मालकाला फोन केला. इंजिन थंड ठेवा आणि कव्हर काढून शिम बघू द्या, असं म्हटलं. "एवढी चौकशी करणाऱ्याला मला विकायची नाही," म्हणून त्याने फोन ठेवला.

वायझेड बघितली. पाईप काढून दाखवला, पिस्टन स्वच्छ होता, माणूसही सरळ. चालवून बघितली. मोकळ्या पट्ट्यावर अंगावर काटा आला. मग मागच्या दगडी उतारावर नेली आणि तिथे दहा मिनिटांत तीनदा बंद पडली. माझीच चूक, क्लच जमत नव्हता. पण माझे तीन रविवार त्याच उतारासारखे असतात.

२३० च्या बुटात बोट फिरवलं, निव्वळ तेलकट. बोल्टची डोकी शाबूत. लिंकेजमध्ये खडखड होता, कोनसेट मध्यावर अडत होता, ते दोन्ही दाखवून किंमत खाली आणली. घेतली.

किकस्टार्ट
अभिनंदन. तरी सांगतो, वर्षभरात तुम्ही ट्रॅकसाठी दुसरी शोधायला लागाल. वायझेडच्या त्या मालकाचा नंबर जपून ठेवा.

उनाडचाक
ठेवलाय. लिंकेज आणि कोनसेटची बेअरिंग मागवली आहेत. स्प्रिंगसाठी आज सॅग मोजला. बायकोने टेप धरली. प्रीलोड पूर्ण आवळूनही गाडी तासमोजणी म्हणाले त्याहून बरीच खाली बसतेय. ८२ किलोला कुठली स्प्रिंग बसेल ते सांगा, म्हणजे उद्याच मागवतो.

तासमोजणी
आधी गाडीवर तुम्ही न बसता, ती स्वतःच्या वजनाने किती बसते तेही मोजून सांगा. आणि ८२ किलो हे बूट-हेल्मेटसकट आहे की नुसतं तुमचं? दोन्ही कळलं की आकडा सांगतो.