स्टेंट बसवला, आता आधी केमो की आधी ऑपरेशन? मदत हवी आहे

मंडळी, बाबांच्या आजारपणात एका निर्णयाशी अडलो आहोत. जरा सविस्तर लिहिते.

बाबा ६४ वर्षांचे, मधुमेह आहे पण आटोक्यात. अचानक पोट नगाऱ्यासारखं फुगलं, उलट्या सुरू झाल्या, वारासुद्धा सरेना. सीटी स्कॅनमध्ये मोठ्या आतड्याच्या डाव्या बाजूला, सिग्मॉइडमध्ये, गाठ निघाली. वाट जवळजवळ बंद. यकृत आणि फुप्फुसं मात्र स्वच्छ आहेत. फुगलेल्या आतड्यावर घाईने ऑपरेशन केलं तर टोकं लगेच जोडता येतीलच असं नाही, पोटावर शौचाची पिशवी येण्याची शक्यता जास्त, म्हणून सर्जननी आधी स्टेंट सुचवला.

दुर्बिणीतून तार गाठीपलीकडे नेऊन जाळीची नळी बसवली. एक्स-रे आम्हाला दाखवला. नळीची दोन्ही टोकं फुललेली, मधला भाग गाठीने आवळलेला. दुसऱ्या दिवशीच्या फोटोत तोच भाग बराच रुंद झाला होता. पोट उतरलं, बाबा हळूहळू खायला लागले. बायोप्सीत कॅन्सरच आहे हे नक्की झालं.

खरा पेच आता आहे. सर्जन म्हणतात, स्टेंट हा ऑपरेशनपर्यंतचा पूल आहे, साधारण दोन आठवड्यांत गाठ काढू. जितके दिवस नळी आत, तितका ती सरकण्याचा, पुन्हा तुंबण्याचा किंवा आतडं फाटण्याचा धोका. कॅन्सरतज्ज्ञ म्हणतात, आधी सहा आठवडे फोलफॉक्स (केमोच्या औषधांचं एक मिश्रण) देऊ, गाठ आक्रसेल, रक्तातून फिरणाऱ्या पेशींवर उपचार लवकर सुरू होतील, तोवर बाबांचं वजनही भरून येईल. दोघंही मनापासून बोलतात, दोघांचंही पटतं. भावाला आजच ऑपरेशन हवंय, आई गप्प आहे.

कुणाच्या घरी स्टेंट आत असताना केमो झाली आहे का? आणि डॉक्टरांना नेमकं काय विचारू?

प्रतिसाद

ताई, मी पोटाचा सर्जन आहे. तुमच्या वडिलांना तपासलेलं नाही, त्यामुळे निर्णय त्यांच्या डॉक्टरांचाच. दोघांचंही म्हणणं निराधार नाही, एवढं आधी सांगतो. युरोपातल्या एंडोस्कोपी संघटनेने २०१४ मध्ये अशा स्टेंटचा सरसकट वापर नको असं म्हटलं होतं. २०२० मध्ये भूमिका बदलली: रुग्णाशी बोलून हा पर्याय ठेवता येतो, आणि नंतरचं ऑपरेशन साधारण दोन आठवड्यांनी. तुमचे सर्जन तेच सांगताहेत.

केमो आधी देण्याचा मोठा आधार म्हणजे मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या रुग्णांवर झालेली फॉक्सट्रॉट नावाची चाचणी. हजाराहून जास्त रुग्ण, निकाल २०२३ मध्ये छापून आले. सहा आठवडे आधी केमो घेतलेल्यांत दोन वर्षांत आजार उरण्याचं किंवा उलटण्याचं प्रमाण शंभरात सुमारे १७, थेट ऑपरेशन झालेल्यांत सुमारे २१. फरक लहान आहे, पण खरा आहे. मात्र ही चाचणी स्टेंटवाल्या रुग्णांसाठी आखलेली नव्हती. स्टेंट, मग केमो, मग ऑपरेशन हा क्रम चीनमधल्या काही गटांनी वापरला आहे, पण त्याचा पुरावा अजून तोकडा आहे.

माझ्या मते सगळ्यात आधी एमएमआर तपासणीचा रिपोर्ट मागा. पेशींतल्या डीएनएच्या चुका दुरुस्त करणारी प्रथिनं गाठीत आहेत का, हे त्यात कळतं. गाठीत ती प्रथिनं नसतील तर फोलफॉक्सचा फारसा उपयोग होत नाही, अशा गाठींना इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढायला लावणारी औषधं, चांगली लागू पडते. म्हणजे भांडणाचा मुद्दाच बदलतो. दुसरं, स्टेंट आत असेपर्यंत बेव्हासिझुमॅब (केमोसोबत कधी कधी देतात ते, गाठीच्या रक्तवाहिन्या वाढू न देणारं औषध) देणार नाही ना, हे स्पष्ट विचारा. त्या औषधाने आतडं फाटण्याचा धोका वाढतो. आतडं फाटलं तर पोटात जंतुसंसर्ग होतोच, शिवाय कॅन्सरच्या पेशीही सांडू शकतात. बरा होण्याजोगा आजार त्यामुळे हातचा जाऊ शकतो, म्हणून सर्जन घाबरतात. आणि सीटीवर गाठ किती खोल गेली आहे तेही विचारा. वरवरची असेल तर आधी केमोचा आग्रह धरण्यात अर्थ नाही.

प्रतिसाद

माझ्या आईला स्टेंटनंतर केमो दिली होती. डाव्या हाताला पंप लावून घरी पाठवायचे. गार पाण्याला हात लागला की बोटांत झिणझिण्या यायच्या, तेव्हा हे आधीच विचारून ठेवा. चोथा कमी असलेलं मऊ खाणं आणि शौच मऊ ठेवणारं औषध डॉक्टरांनी एकदाही चुकवू दिलं नाही. ताप, वाढती पोटदुखी, पोट फुगणं, वारा बंद होणं, यातलं काहीही झालं तर सकाळची वाट न पाहता यायचं, असं आम्हाला बजावलं होतं. केमोत पांढऱ्या पेशी उतरतात, त्यामुळे साधा ताप घरी काढायचा नाही. तुमच्या घरापासून रात्री किती वेळात सर्जन मिळू शकतो, हे मी निर्णयाच्या आधी मोजलं असतं.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. घरापासून हॉस्पिटल लांब आहे, हा मुद्दा आमच्या डोक्यातच आला नव्हता. सर्जन आणि कॅन्सरतज्ज्ञ दोघांनी एकत्र बसून बोलावं अशी विनंती केली, ते तयार आहेत. एक राहिलं: एमएमआर आहे त्या बायोप्सीच्या तुकड्यावर होते, की ऑपरेशननंतरच?

प्रतिसाद

बायोप्सीवर होते. पॅथॉलॉजीत तो तुकडा मेणाच्या ब्लॉकमध्ये जपून ठेवलेला असतो, उद्याच सांगा. रिपोर्ट येईपर्यंत केमोची तारीख पक्की करू नका.