मदत हवी आहे: १९८७ ची पद्मिनी घ्यावी का?

नमस्कार मंडळी. सोलापुरात होटगी रोडला एका काकांकडे १९८७ ची प्रीमियर पद्मिनी आहे. स्टिअरिंगवरचा गिअर, क्रीम रंग, बघताक्षणी जीव अडकला. दीड लाख म्हणतात, थोडं कमी करतील असं वाटतंय.

अडचण अशी की गाडी पहिली वीस वर्षं मुंबईत होती. खारी हवा! पद्मिनीला वेगळी चॅसी (खालचा सांगाडा) नसते, बॉडीवरच सगळा भार, त्यामुळे गंजाचीच धास्ती जास्त. मी मॅटिंग उचलून फ्लोअर बघितला, दारांखालच्या पट्टीवर चुंबक फिरवलं. डावीकडे दोन ठिकाणी चिकटलंच नाही, म्हणजे गंजलेल्या पत्र्याच्या जागी लांबी (पुट्टी) भरलीय. एवढ्यावरून सोडून द्यावी, की पत्रा बदलून भागतं? जॅक लावायची जागा आणि मागचे पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगा) जिथे बसतात तिथला पत्रा अजून बघायचाय.

इंजिन १०८९ सीसीचं, चालू होतं. पण मी गेलो तेव्हा ते आधीच गरम होतं, मुद्दाम तापवून ठेवलं असावं. आता सकाळी न सांगता जाणार, थंड इंजिनचा धूर बघणार. आपल्या मे महिन्यात रेडिएटर टिकेल का, हीसुद्धा काळजी आहेच.

आरसीची (नोंदणीची) मुदत दोन वर्षांपूर्वी संपलीय. नूतनीकरण, पर्यावरण कर, दंड हे मालकाकडूनच करून घेऊन मग पैसे द्यावेत ना?

आणि सोलापुरात किंगपिन (पुढची चाकं ज्यावर वळतात ती पिन), कार्बोरेटरचं काम जाणणारे जुने मिस्त्री कुणाच्या ओळखीत आहेत का? रविवारी सोबत आलात तर नाश्ता माझ्याकडून.