मुलं सांभाळून पुन्हा अभ्यासाला बसलेल्यांनो, तुमचा अनुभव लिहा

माझं वय ३९. मुलगा ११ वर्षांचा, मुलगी ६ वर्षांची. गेली १५ वर्षं पगारपत्रकं आणि हजेरीचे हिशेब बघतेय. काम येतं, नीट होतं, पण दोनेक वर्षं झाली, सकाळी ऑफिसला निघताना पाय जड होतात.

मुलगी उशिरा बोलायला लागली, म्हणून वर्षभर तिला स्पीच थेरपीला नेत होते. तिथल्या ताई चेंडू हातात धरून तिच्यासमोर बसायच्या. ही हात पुढे करायची. त्या चेंडू द्यायच्या नाहीत, रागवायच्याही नाहीत, नुसत्या भुवया उंचावून वाट बघायच्या. असं किती वेळा झालं असेल! आणि एके दिवशी तिच्या तोंडून 'दे' आलं. त्या दिवसापासून माझ्या डोक्यात एकच आहे, हे काम मला करायचंय.

नोकरी लगेच सोडता येणार नाही, घराचा अर्धा भार माझ्या पगारावर आहे. म्हणून अर्धवेळ शिकायचा विचार आहे. ज्यांनी हे केलंय, करताहेत, किंवा करून मध्येच थांबलेत, त्यांनी मोकळेपणाने लिहा. 'इच्छा असेल तर मार्ग सापडतो' हे घरातले सगळे सांगून झालेत. मला तास कुठून काढलेत ते हवंय, घरात कोणी काय उचललं ते हवंय, मुलांना काय वाटलं ते हवंय.

बांधकामाच्या साइटवरून डेटाच्या कामाकडे, दोन मुलांचा बाबा

आधी तासांचं सांगतो, कारण मी तिथेच फसलो. 'अर्धवेळ' या शब्दाला मी फावल्या वेळात होणारं काहीतरी समजलो होतो. तुमच्या अभ्यासक्रमाचे क्रेडिट बघा आणि एका क्रेडिटला किती तास धरलेत ते विचारा. युरोपातल्या पद्धतीत एक क्रेडिट म्हणजे २५ ते ३० तासांचा अभ्यास आणि पूर्णवेळ वर्ष ६० क्रेडिटचं. म्हणजे निम्म्या वेगाने गेलात तरी वर्षाला ७५० ते ९०० तास. शिकवण्याचे ४० आठवडे धरले तर आठवड्याला साधारण २० तास झाले. नोकरी आणि मुलं यांच्या जोडीला २० तास म्हणजे दुसरी नोकरीच आहे हो.

माझ्याकडे खरे तास होते साडेअकरा. पाच दिवस पहाटे ५ ते साडेसहा, आणि शनिवारी सकाळचे चार. पहिल्या सत्रात दोन विषय घेतले आणि दोन्ही अर्धवट राहिले. मग एका वेळी एकच विषय घ्यायचा असं ठरवलं. दोन वर्षांचं शिक्षण चार वर्षांत झालं, पण झालं. नाव घालायच्या आधी एक महिना नुसते तेवढे तास राखून बघा. अभ्यास नसला तरी काहीतरी वाचा. महिनाभर तास टिकले तरच अर्ज भरा.

परिचारिका होते, आता समुपदेशक, मुलगी ९ वर्षांची

ताई, तुमचं क्षेत्र वाचून राहवलं नाही. जिथे माणसांवर उपचार करायचे असतात तिथे पुस्तकी भाग संध्याकाळी होतो, रेकॉर्डिंग रात्री बघता येतं. प्रात्यक्षिक मात्र दिवसा असतं. येणारी माणसं दिवसा येतात आणि तुमच्यावर देखरेख करणारे वरिष्ठही दिवसाच असतात. माझ्या माहितीपत्रकात मोठ्या अक्षरात 'अर्धवेळ' लिहिलं होतं. देखरेखीखालच्या तासांचा उल्लेख होता शेवटून दुसऱ्या पानावर. मी तो दुसऱ्या वर्षी वाचला. सगळी रजा संपली, मग तीन महिने बिनपगारी काढले. त्यासाठी मुलीच्या शिक्षणाला म्हणून ठेवलेल्या पैशांना हात लावावा लागला, ते मला फार लागलं.

म्हणून आधीच लेखी विचारा. प्रात्यक्षिकाचे एकूण तास किती, आठवड्यातले कोणते दिवस, जागा संस्था मिळवून देते की आपण शोधायची, आणि मूल आजारी पडलं तर ते तास भरून कसे काढायचे. शिवाय आधीचं शिक्षण आणि कामाचा अनुभव धरून काही विषयांत सूट मिळते का हेही विचारा. मला शरीरशास्त्राच्या विषयातून सूट मिळाली. विचारलं म्हणून मिळाली, आपणहून कोणी सांगितलं नव्हतं.

धागाकर्ती

ताई, मनापासून आभार. मीही माझ्या अभ्यासक्रमाचं माहितीपत्रक तीनदा वाचलंय आणि प्रात्यक्षिकाचं पान दर वेळी भरभर उलटलंय, हे आत्ता लक्षात आलं. उद्याच संस्थेला पत्र पाठवते.

एका मुलाचा बाबा

थोडक्यात लिहितो. झोप कापू नका. मी चार महिने रात्री १ वाजेपर्यंत बसलो, सकाळी काही आठवायचं नाही, मुलावर ओरडायला लागलो. शिकलेलं पक्कं होण्याचं कितीतरी काम मेंदू झोपेतच करतो. हे मला डॉक्टरांकडून कळलं, तोवर अंथरूण धरलं होतं.

शाळेत शिकवत होते, आता वकिलीचा अभ्यास, जुळी मुलं

'या वयात डोक्यात शिरत नाही' ही भीती मलाही होती, म्हणून त्याबद्दलच लिहिते. लंडनमध्ये टॅक्सीचा परवाना मिळवायला शहरातले हजारो रस्ते तोंडपाठ करावे लागतात, त्यात तीन-चार वर्षं सहज जातात. अशा उमेदवारांच्या मेंदूचे स्कॅन तयारीच्या आधी आणि नंतर काढून तुलना केली होती, २०११ मध्ये ते प्रसिद्ध झालं. जे पास झाले त्यांच्या मेंदूत स्मरणाशी संबंधित भाग वाढलेला दिसला. शाळकरी मुलं नव्हेत, मोठी माणसं होती ती. हे वाचलं त्या रात्री मला शांत झोप लागली.

दुसरं म्हणजे अभ्यासाची रीत. मी मुलांना वर्षानुवर्षं 'पुन्हा वाचा, पुन्हा वाचा' सांगत आले आणि स्वतःही तेच करत बसले. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिकी या दोन मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांचे गट केले. एका गटाने उतारा पुन्हा पुन्हा वाचला, दुसऱ्याने तो मिटून आठवेल ते लिहिलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तर आठवून लिहिणारे बरेच पुढे गेले. पुन्हा वाचल्यावर सगळं येतंय असं वाटतं, आणि तिथेच आपण फसतो.

माझ्यासारखीला तर हे वरदानच ठरलं, कारण आठवायला टेबल लागत नाही. कपडे वाळत घालताना मी एकेका कलमाचे घटक म्हणते. एक कपडा, एक घटक. अडले की तो कपडा दोरीवर तसाच लटकत ठेवायचा, आत जाऊन बघून यायचं, मग चिमटा लावायचा. मुलांना हे इतकं आवडलं की चिमटे घेऊन तीच उभी राहतात आणि 'आई, पुढचं सांग' म्हणतात. दोन दिवसांनी, मग आठवड्याने तेच पुन्हा. पहिल्या वर्षी नोट्स रंगवण्यात गेलेले तास आठवले की आजही हळहळ वाटते.

शिकणाऱ्या आईची मुलगी, आता २६ वर्षांची

मी पालक नाही, तरी लिहू का? आईने मी १० वर्षांची असताना शिक्षण सुरू केलं, १५ ची झाले तेव्हा संपवलं. मुलांना काय वाटतं असं विचारलंय, म्हणून खरं सांगते. पहिलं वर्ष मला तिचा राग यायचा. ती समोर असायची पण ऐकत नसायची. मी शाळेतलं सांगत असताना तिची नजर पुस्तकावर, आणि तोंडाने 'हं, हं'. एकदा मी मुद्दाम 'आज मी शाळेच्या गच्चीवरून उडी मारली' म्हटलं, त्यावरही 'हं' आलं. मग मी रडायला लागले तेव्हा तिने वर बघितलं.

त्या रात्री तिने पुठ्ठ्याचं एक घड्याळ केलं. हाताने फिरवायचे काटे होते, मागे दोरी. अभ्यासाला बसली की ते खोलीच्या दारावर लावायची आणि कधी उठणार ती वेळ त्यावर फिरवून ठेवायची. साडेआठ म्हणजे साडेआठ. काटे दाखवायचे त्या वेळेला ती उठायचीच, वाक्य अर्धं असलं तरी. तोवर मी दार वाजवायचं नाही. साडेआठनंतर ती पूर्ण माझी. पाच वर्षांत तिने ती वेळ मोडल्याचं मला दोनदाच आठवतं, आणि दोन्ही वेळा तिने येऊन माफी मागितली होती. तिचा अभ्यास मला कधीच नडला नाही, नडलं ते तिचं अर्धवट जवळ असणं. ते घड्याळ अजून माझ्याकडे आहे.

मध्येच थांबलेली, तीन मुलं

थांबलेल्यांनीही लिहा म्हणालात, म्हणून. दीड वर्ष केलं आणि सोडलं. वडील आजारी पडले, धाकटा लहान होता, आणि खरं कारण हे की मला ते करिअर नकोच होतं, मला माझ्या वरिष्ठांपासून सुटका हवी होती. हे कळायला दीड वर्षाची फी गेली. विभाग बदलून मागितला, मिळाला, आता बरी आहे. शिकलेलं वाया गेलं असं म्हणत नाही, पण महाग पडलं. तुम्हाला नवं काम हवंय की जुन्यापासून सुटका, हे स्वतःला कठोरपणे विचारा. चेंडूचं लिहिलंत ते वाचून वाटतं, तुमचं उत्तर माझ्यापेक्षा वेगळं आहे.

शिकणाऱ्या बायकोचा नवरा

बायकोने अर्धवेळ पदव्युत्तर शिक्षण घेतलं. मी सुरुवातीलाच म्हणालो, 'मी सगळी मदत करतो.' आणि केलीही. तरी ती दमलेलीच. एक दिवस ती म्हणाली, 'तू मदत करतोस, पण काय करायचं ते मलाच सांगावं लागतं. अभ्यास करतानाही माझ्या डोक्यात यादी चालू असते.' ते वाक्य मला लागलं, आणि पटलंही.

मग आम्ही कामं वाटण्याऐवजी विषयच वाटले. शाळा पूर्ण माझी. म्हणजे डबा, गणवेश, शाळेचे निरोप, पालकसभा, सहलीच्या सूचना, वहीला कव्हर, सगळं. तिने विचारायचंही नाही. पहिल्या महिन्यात मी चित्रकलेचं साहित्य द्यायला विसरलो, मुलगा वर्गात रिकाम्या हाताने बसला. बायकोला ते दिसत होतं, तरी ती मध्ये पडली नाही. तिला ते किती जड गेलं असेल, हे मला नंतर कळलं. ती मध्ये पडली असती तर शाळा पुन्हा तिच्याकडेच गेली असती. ताई, तुमच्या यजमानांना हे वाचायला द्या.

एकटीने मूल वाढवणारी

वरचं वाचून छान वाटलं, पण माझ्याकडे विषय वाटून घ्यायला दुसरं कोणी नव्हतं. मला दोन गोष्टींनी तारलं. एक, सत्र पुढे ढकलण्याची सोय. मुलाच्या शस्त्रक्रियेच्या वेळी मी सहा महिने थांबले, आणि नाव कमी झालं नाही. हा नियम आणि फी परत मिळण्याची शेवटची तारीख, दोन्ही पहिल्याच दिवशी लिहून ठेवा. दुसरं, त्याच वर्गातली आणखी एक आई. तिची परीक्षा असली की तिची मुलं माझ्याकडे, माझी असली की माझा तिच्याकडे. वर्गात ओळख करून देताना 'मला एक मूल आहे' हे पहिल्याच दिवशी मोठ्याने सांगा. मी लाजले असते तर ती मला सापडली नसती.

धागाकर्ती

सगळं दोनदा वाचलं. पुठ्ठ्याच्या घड्याळाचं मुलाला वाचून दाखवलं, तो लगेच पुठ्ठा शोधायला गेला. नवऱ्याने 'विषय वाटले' हा भाग स्वतःहून पुन्हा वाचला आणि 'डॉक्टर आणि लसीकरण मी घेतो' म्हणाला. शाळेवर अजून बोलणं चालू आहे.

संस्थेचं उत्तर आलंय. दुसऱ्या वर्षापासून आठवड्यातले तीन दिवस प्रात्यक्षिक, दिवसाच. म्हणजे आत्ताच्या नोकरीत ते बसत नाही. थेरपीच्या ताईंना फोन केला, तर त्या म्हणाल्या, आधी येऊन नुसतं बघ, पालकांची परवानगी मी घेते. पुढच्या आठवड्यात दोन दिवस रजा टाकून जातेय. दिवसभर बसून, दमलेली मुलं आणि रडणारी मुलं बघूनही हेच करावंसं वाटतंय का, ते तिथे कळेल.

तोवर एक विचारते. प्रात्यक्षिकाच्या काळात कोणी नोकरीचे तास कमी करून घेतलेत का? साहेबांकडे ते कसं मांडलंत, आणि पगार कमी झाल्यावर घर कसं चालवलंत, ते कृपया लिहा.