कोरियन वाकणं: आदर की पायरी मोजणं?

वेताळटेकडी:
दोन वर्षं दक्षिण कोरियात सुवॉनला नोकरी करून परत आलोय. इथे मालिका बघून "किती संस्कारी लोक!" म्हणणाऱ्यांचं पीक आलंय, म्हणून हा धागा. माझ्या मते ते वाकणं आदराचं कमी, पायरीचं जास्त. लिफ्टमध्ये आम्ही पाचजण. टीमलीडर आत आला की पाच कंबरा वाकतात, त्याची फक्त हनुवटी हलते. वयाने माझ्याहून तीन वर्षं मोठा, बस्स! नवीन ओळख झाली की लगेच जन्मसाल विचारणार, कारण क्रियापद त्यावर ठरतं: नमस्कारासाठी आदरार्थी 'आन्यॉङ्हासेयो' की नुसतं 'आन्यॉङ्'. जून २०२३ मध्ये सरकारने वय मोजायची पद्धत बदलली, पण जन्मसाल विचारणं काही थांबलं नाही.

पाटपाणी:
आणि आपल्याकडे? नव्या नवरीला विचार, एका दुपारी किती पायांना हात लावावा लागतो ते. मला त्यांचा दोन हातांचा रिवाज फार आवडतो. देताना-घेताना दोन्ही हात, नाहीतर उजव्याला डाव्याचा आधार. तीर्थ घेताना आपण उजव्या तळव्याखाली डावा धरतो, तसंच.

वेताळटेकडी:
तीर्थ देवाचं असतं रे. हे बॉसचं व्हिजिटिंग कार्ड.

पाटपाणी:
दुकानदार सुटे पैसेसुद्धा तसेच देतो. मी काय त्याचा बॉस?

सोजुवाली:
आठ वर्षं सोलमध्ये आहे. अनोळखी प्रौढाशी आदरार्थीच बोलायचं, हा नियम दोन्ही बाजूंना लागू आहे. घरमालकीणबाई सत्तरीच्या, पण मला अजून वाक्यागणिक आदरार्थी 'यो' लावतात. पुण्यात रिक्षावाल्याशी आपलं पहिलं वाक्य काय असतं? "ए, येणार का?"

वेताळटेकडी:
नियम आहे हो, पाळतं कोण? कॅफेतल्या पोरांची तक्रारच ती, की म्हातारी गिऱ्हाइकं सरळ बानमालवर, म्हणजे अरेतुरेवर येतात. वरच्याने खालच्याला छळण्याला तिथे 'गाप्जिल' असा खास शब्द आहे. २०१४ मध्ये न्यूयॉर्कला एका कोरियन विमानकंपनीच्या मालकाच्या मुलीने, मॅकाडेमिया नट्स बशीऐवजी पाकिटात दिले म्हणून, निघालेलं विमान मागे फिरवून केबिनप्रमुखाला उतरवलं. तोही तिच्यापुढे वाकतच असणार ना रोज?

सोजुवाली:
त्यावरून देशभर संताप उसळला, तिला अटक झाली, हेही लिहा की. आणि त्यांच्याकडे त्या वागण्याला निदान शब्द तरी आहे.

पाटपाणी:
आपल्याकडेही आहे. साहेबगिरी.

सोजुवाली:
:) बरं, वाकण्यातले बारकावे मला कसे कळले ते सांगते. सॉल्लालला, म्हणजे त्यांच्या नववर्षाला, घरमालकीणबाईंकडे गेलो होतो. थोरांना जमिनीवर डोकं टेकवून नमस्कार करतात. आमच्या ह्यांनी उत्साहाच्या भरात लागोपाठ दोनदा केला. खोली एकदम गप्प. जिवंत माणसाला एकदा, दोनदा फक्त गेलेल्यांना! हातांचंही तसंच. एरवी पुरुषाचा डावा हात वर, सुतकात उजवा. बाई इतक्या हसल्या की डोळ्यांत पाणी आलं. मग लेकाला पैशांचं पाकीट दिलं.

वेताळटेकडी:
दोन्ही हातांनी घेतलं ना त्याने?

सोजुवाली:
एकाच. पाच वर्षांचा आहे. त्या काही बोलल्या नाहीत, मीच त्याचा डावा हात उचलून खाली लावला.