अपराइट, ग्रँड, डिजिटल पियानो... नेमका फरक काय?

प्रश्न, लातूर
नमस्कार मंडळी, पोरीचा हात हार्मोनियमवर छान बसलाय, आता पियानो पाहिजे म्हणायली. दुकानात एकजण कीबोर्ड दाखवतो, दुसरा डिजिटल पियानो म्हणतो आणि पुण्यात कुणीतरी जुना अपराइट विकायलंय. पट्ट्या तर सगळ्याच्या सारख्याच दिसायल्यात, मग आतून चालतं कसं?

उत्तर, नांदेड
भाऊ, खालचा कारभार लई वेगळा हाय. हार्मोनियमची पट्टी कशीबी दाबा, आवाजाचा जोर भात्यावर. पियानोत पट्टी दाबली की फेल्ट लावलेला लाकडी हातोडा तारेवर आपटतो आणि तुमचं बोट पट्टीवर असलं तरी लगेच मागं पडतो, म्हणून तार मोकळी वाजते, संतूरवर कलम (वाजवायची काठी) टेकवून ठेवत नाहीत तसंच. बोट उचललं की डँपर, म्हणजे तार दाबणारी फेल्टची गादी, बसून तार बंद, उजवा पेडल दाबला तर सगळे डँपर वर राहतात अन् सूर घुमत राहतो. इटलीत फ्लॉरेन्सला बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरीनं १७०० च्या सुमारास हे जमवलं. त्याआधीच्या हार्प्सिकॉर्डमध्ये तार छेडली जायची, बोटाच्या जोरानं आवाज कमीजास्त व्हायचाच नाही. मला विचाराल तर पियानोचा जीव ह्या हातोड्यातच हाय.

उत्तर, संभाजीनगर
ग्रँडमध्ये तारा आडव्या, हातोडा खालून मारतो आणि स्वतःच्या वजनानं परत येतो. अपराइटमध्ये तारा उभ्या, हातोड्याला मागं आणायला स्प्रिंग लागते, त्यामुळं एकच सूर भराभर वाजवायला ग्रँड सरस. पण कॉन्सर्ट ग्रँड नऊ फुटांच्या आसपास असतो, घरात कुठं ठेवणार!
जुना अपराइट घाईत घेऊ नका. आत दोनशेच्या वर तारा, सगळ्यांचा मिळून ताण कित्येक टन, तो लोखंडी चौकट पेलते. साउंडबोर्ड, म्हणजे तारांचा आवाज मोठा करणारी फळी, मात्र लाकडाचा, आपल्याकडं मे महिन्यात हवा कोरडी ठाक अन् पावसाळ्यात दमट, लाकूड आकसतं-फुगतं आणि सूर खालीवर होतो. ट्यूनिंगला माणूस मिळणार का ते आधी बघा.

प्रश्न, लातूर
मग डिजिटलच घ्यावा का?

उत्तर, नांदेड
हो, सुरुवातीला तोच. त्यात तारा नसतात, पट्टी किती वेगानं खाली गेली ते सेन्सर बघतो आणि त्या जोराचा सूर स्पीकरमधून येतो. फक्त ८८ पट्ट्या अन् हॅमर ॲक्शन (खऱ्या हातोड्यासारखा भार देणाऱ्या पट्ट्या) विचारून घ्या, साध्या कीबोर्डच्या हलक्या पट्ट्यांवर बोटाला ताकद येत नाही, पुढं खऱ्या पियानोवर पोरगी अडेल. लाईट गेली की बंद, तेवढं इन्व्हर्टरवर घ्या.