पॉइंट देणारं ॲप वर्गात वापरतेय, पण एक मुलगा कायम तळालाच राहतोय, काय करू?

दुसरीची_बाई:
नमस्कार सगळ्यांना. माझ्या वर्गात ३४ मुलं आहेत, गेले तीन महिने चांगल्या वागण्याला पॉइंट द्यायचं एक ॲप वापरतेय. प्रत्येकाचं नाव आणि चित्र मोठ्या स्क्रीनवर दिसतं, मदत केली की अधिक एक, मधेच ओरडलं की वजा एक. पहिले दोन आठवडे खरंच छान गेले, बाक सरकवायचा आवाजसुद्धा बंद झाला होता. आता मात्र कोणी खाली पडलेली पेन्सिल उचलून दिली की लगेच माझ्याकडे बघतं, "बाई, पॉइंट?" हे एक झालं. पण जास्त त्रास ज्याचा होतोय ते वेगळंच आहे, एक मुलगा वजा ११ वर आहे, त्याला एका जागी बसणंच जड जातं, आणि परवा माझ्या लक्षात आलं की तो पाणी प्यायला उठला की स्क्रीनसमोरून जाताना भिंतीकडे तोंड करून जातो. ते बघितल्यापासून मला चैन नाही. ॲप बंद करू का? पण बाकीच्यांना उपयोग होतोय असंही वाटतं.

खडू_फळा:
ताई, ॲप राहू दे पण स्क्रीनवरची यादी उद्याच काढा. अख्ख्या वर्गासमोर शेवटचा नंबर रोज बघायला मोठ्या माणसालाही जमणार नाही, तो तर सात वर्षांचा आहे. दुसरं म्हणजे वजा पॉइंट काढून टाका. मी क्लासडोजो वापरते, त्यात वजावाले प्रकार काढता येतात आणि पूर्ण वर्गाला किंवा गटाला मिळून पॉइंट देता येतो, तुमच्या ॲपमध्येही अशी सोय असेल, सेटिंगमध्ये बघा.

गटाची कल्पना तशी जुनीच आहे. अमेरिकेत १९६९ मध्ये चौथीच्या एका वर्गावर प्रयोग झाला होता, त्याला गुड बिहेवियर गेम म्हणतात. वर्गाचे दोन गट करायचे, नियम मोडला की गटाच्या नावापुढे फळ्यावर खूण, आणि खुणा ठरलेल्या आकड्याच्या आत राहिल्या तर दोन्ही गट जिंकतात. मला त्यातली ही शेवटची गोष्टच सगळ्यात महत्त्वाची वाटते, कोणाला तरी हरवल्याशिवाय जिंकता येतं. फक्त एक सांभाळा, त्या मुलामुळे गट हरला असं एकदा जरी झालं तरी मुलं त्याला सोडत नाहीत, म्हणून मी खुणा करतच नाही, नुसती भर घालते.

आणि पॉइंट देताना तोंडाने नेमकं बोला. नुसतं "छान" म्हटलं तर कशाबद्दल ते त्याला कळत नाही, "तू हात वर करून थांबलास" असं म्हटलं की कळतं.

दोघांची_आई:
मी शिक्षिका नाही, पालक म्हणून लिहितेय. आमच्या शाळेतल्या ॲपवरून वजा पॉइंट लगेच फोनवर येतो. मी कामात असते, ११ वाजून ४० मिनिटांनी "बोलत होता, वजा एक" असं दिसतं, मग दिवसभर डोक्यात तेच, आणि संध्याकाळी लेक नाचत घरी आला की मी पहिलं काय विचारते तर सकाळी का बोलत होतास. त्याला आठवतही नाही बिचाऱ्याला. एकाच चुकीची शिक्षा दोनदा होते आणि दुसरी मी देते. मॅडम, कृपया पालकांना चांगलं तेवढंच पाठवा, काळजीचं काही असेल तर फोन करा, भेटायला बोलवा. आणि वर्ष संपलं की या नोंदी पुसता येतात का तेही बघून ठेवा, सातव्या वर्षीची वजाबाकी पुढच्या बाईंपर्यंत जायला नको.

वर्गाबाहेर:
मला पॉइंटच पटत नाहीत, स्पष्ट सांगतो. १९७३ चा एक प्रसिद्ध अभ्यास आहे, तीन ते पाच वर्षांच्या ज्या मुलांना मार्करने चित्रं काढायला मनापासून आवडायचं त्यातल्या काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलंत तर प्रमाणपत्र मिळेल. एक-दोन आठवड्यांनी बघितलं तर तीच मुलं मार्करला इतरांपेक्षा कमी हात लावत होती. ज्यांना न सांगता अचानक बक्षीस दिलं त्यांचं तसं झालं नाही. तुमचं पेन्सिलचं उदाहरण मला त्याच वाटेवरचं वाटतं, मुलं एरवीही पेन्सिल उचलून देतातच की, त्याला पॉइंट लावू नका. जे खरंच अवघड जातं, म्हणजे रांगेत थांबणं, दुसऱ्याचं पूर्ण ऐकणं, तेवढ्यालाच ठेवा आणि सवय लागली की हळूहळू कमी करा.

माझ्याकडे सगळ्यात जास्त चाललं ते टायमर. स्क्रीनवर लाल गोल असतो, वेळ संपत जाते तसा तो लहान होत जातो. "आवरा आता" असं मी दहा वेळा म्हणायचो ते बंद झालं, कारण वेळ संपली हे मुलांना स्वतःलाच दिसतं, माझ्याशी वाद उरत नाही. आवाज मोजणारं ॲप मात्र मी सोडलं, त्यात आवाज वाढला की चेंडू उड्या मारतात, मुलं ते उडवायलाच ओरडायला लागली. अजून एक, माझ्या घड्याळात दर सहा मिनिटांनी कंपन लावलंय, ते झालं की मान वर करून जो नीट बसलाय त्याच्याजवळ जाऊन हळूच सांगायचं. आपलं लक्ष गोंधळाकडे आपोआप जातं, शांत मुलाकडे मुद्दाम न्यावं लागतं. त्या मुलासाठी हे नक्की करा, तो दिवसातून चार-पाचदा तरी नीट बसलेला सापडेलच.

दुसरीची_बाई:
तीन आठवड्यांनी लिहितेय, उशिराबद्दल माफ करा. यादी काढली, वजा काढलं, पालकांना आता फक्त चांगलं जातं. पूर्ण वर्गाचे पॉइंट ठेवलेत, ५० झाले की शेवटचा तास मैदानावर. कंपनवाली युक्ती पहिल्या दिवशी जड गेली, शिकवता शिकवता धागा तुटायचा, मग सहाऐवजी दहा मिनिटं केली. "पॉइंट?" विचारणं अजून पूर्ण थांबलेलं नाही, दोघी-तिघी विचारतातच.

आणि तो मुलगा. अजून उठतो, अजून मधेच बोलतो. पण टायमर त्याला फार आवडलाय, मी तो लावायचं काम त्यालाच दिलंय. काल लिहिता लिहिता मधेच उठला, मी बोलणार तेवढ्यात बघितलं तर स्क्रीनसमोर उभा राहून लाल भाग बोटाने मोजत होता, मग मागे वळून म्हणाला, "बाई, अजून एवढा राहिलाय, माझं होईल," आणि जाऊन बसला.